माईकची शीळ

सप्ताहातील कीर्तनाची वेळ झालेली असते. मांडव माणसांनी भरून गेलेला असतो. टाळकरी उभे राहतात, मृदंगावर थाप पडते, कीर्तनकार पुढे येऊन माईकसमोर उभे राहतात आणि पहिला शब्द उच्चारतात. तोच स्पीकरमधून एक बारीक सूर उमटतो, चढत जातो आणि क्षणार्धात कानठळ्या बसवणारी शीळ मांडवभर घुमते. लहान मुले कानांवर हात ठेवतात. ध्वनियंत्रणा सांभाळणारा तरुण धावत जाऊन बटण फिरवतो आणि शीळ थांबते. परंतु आता दुसरीच तक्रार सुरू होते. "मागं काहीच ऐकू येत नाही!" असे शेवटच्या रांगेतून कोणीतरी ओरडून सांगते. बटण पुन्हा थोडे पुढे सरकते आणि शीळही पुन्हा डोके वर काढते.

हा प्रसंग केवळ कीर्तनातच घडतो असे नाही. ग्रामसभा, शाळेचे स्नेहसंमेलन, इंदूर किंवा बडोद्यासारख्या शहरातील मराठी मंडळाचा गणेशोत्सव, नाटकाचा प्रयोग, संगीताची मैफल, अशा सर्वच ठिकाणी तो आपल्या परिचयाचा असतो. आवाज वाढवावा तर शीळ वाजते आणि कमी करावा तर मागच्यांना शब्द कळत नाहीत. ही अडचण दूर करण्यासाठी आज एक खास उपकरण मिळते. त्याला फीडबॅक सप्रेसर म्हणजे शीळ दाबणारा ध्वनिप्रोसेसर असे म्हणतात. ते योग्य रीतीने वापरले तर श्रोत्यांची मोठी सोय होते; मात्र चुकीच्या रीतीने वापरले तर शीळ जाते, पण तिच्याबरोबर वक्त्याचे शब्द आणि गायकाचा सूरही जातो. म्हणून ते कसे चालवावे हे समजून घेण्याआधी शीळ मुळात का वाजते हे पाहिले पाहिजे.

प्रथम शब्दांविषयी थोडे. मराठीत 'ध्वनिक्षेपक' हा शब्द कधी मायक्रोफोनसाठी, तर कधी लाउडस्पीकरसाठी वापरला जातो. या विषयात तर ही दोन उपकरणे वेगवेगळी ओळखणे अत्यंत आवश्यक आहे, कारण सगळा तंटा त्या दोघांमधीलच आहे. त्यामुळे येथे बोलण्यातील माईक आणि स्पीकर हेच शब्द स्वीकारले आहेत.

माईक आवाज घेतो आणि त्याचे विद्युत्‌ संदेशात रूपांतर करतो. हा संदेश मिक्सरमधून ॲम्प्लिफायरकडे जातो, तेथे त्याची शक्ती वाढते आणि स्पीकर त्याचा पुन्हा आवाज करतो. हा आवाज श्रोत्यांकडे जातो हे खरे. परंतु तो केवळ श्रोत्यांकडेच जातो असे नाही. त्याचा काही अंश भिंतींवर, पत्र्याच्या छपरावर आदळून किंवा सरळ हवेतून पुन्हा त्याच माईकपाशी येऊन पोहोचतो. बिचाऱ्या माईकला हा आवाज माणसाचा की स्पीकरचा, हे ओळखता येत नाही. तो त्यालाही आत घेतो, ॲम्प्लिफायर त्यालाही वाढवतो, आणि तोच आवाज दुसऱ्यांदा बाहेर पडतो. असे चक्र सुरू होते.

या चक्राचा वेग किती असतो, हे एका साध्या हिशोबावरून कळेल. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. स्पीकर माईकपासून साडेतीन मीटरवर असेल तर ते अंतर तोडायला ध्वनीला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. म्हणजेच एका सेकंदात या चक्राच्या सुमारे शंभर फेऱ्या होतात. दर फेरीत आवाज अवघ्या दहा टक्क्यांनी वाढत गेला, तर अर्ध्या सेकंदात तो शंभरपटीहून अधिक होईल! उलट दर फेरीत तो दहा टक्क्यांनी घटत गेला, तर तेवढ्याच वेळात त्याचा जवळपास दोनशेवा हिस्साच उरेल आणि तो कोणाच्या ध्यानातही येणार नाही. शांतता आणि किंकाळी यांच्यामधील सीमा किती अरुंद आहे, हे यावरून दिसते. या सीमेच्या अगदी अलीकडे यंत्रणा असली म्हणजे शीळ वाजत नाही, पण प्रत्येक शब्दामागे एक झिणझिण रेंगाळत राहते, जणू वक्ता विहिरीच्या काठावर उभा राहून बोलतो आहे. जाणकार साउंडवाला ही झिणझिण ऐकताच सावध होतो, कारण ती पुढे येणाऱ्या शिळेची वर्दी असते.

चक्रात तर सगळाच आवाज फिरत असतो. मग शीळ एकाच सुराची का असते? याचे उत्तर झोपाळ्याकडे पाहिल्यास मिळते. झोपाळा मागे येऊन पुन्हा पुढे निघताना नेमका धक्का दिला, तर तो उंच उंच जातो. तोच धक्का अवेळी दिला तर झोका मोडतो. ध्वनी हीदेखील हवेची मागेपुढे होणारी हालचाल होय. ही हालचाल एका सेकंदात जितक्या वेळा होते, ती त्या ध्वनीची वारंवारता. ती हर्ट्झ या एककात मोजतात. वारंवारता जितकी अधिक तितका सूर उंच. चक्र पुरे करून परत आलेला ध्वनी ज्या वारंवारतेला मूळ ध्वनीच्या तालात मिळतो, तिथेच धक्क्यामागून नेमका धक्का बसतो. अशा अनेक वारंवारता असतात. त्यांपैकी जिच्या बाबतीत माईक, स्पीकर आणि खोली ही तिन्ही सर्वाधिक अनुकूल असतील, ती सर्वांत आधी उसळते. म्हणूनच एका सभागृहात शीळ घोगरी असते, तर दुसऱ्यात ती सुईसारखी टोचते.

या घटनेला डेन्मार्कचे भौतिकशास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावावरून 'लार्सन परिणाम' असेही म्हणतात. तिचा त्रास मात्र ध्वनियंत्रणेच्या जन्माइतकाच जुना आहे. मूळचे डेन्मार्कचेच पीटर जेन्सन आणि अमेरिकेचे एडविन प्रिडहॅम हे दोघे १९१५ मध्ये कॅलिफोर्नियातील नापा या गावी आपला नवा स्पीकर तयार करीत होते. माईक आणि स्पीकर प्रथम एकत्र जोडले तेव्हा त्यांना माणसाचा आवाज नव्हे, तर हीच किंकाळी ऐकू आली. त्यांनी लांब तारा जोडून कर्णा छपरावर नेला आणि माईक खाली घरात ठेवला. त्याच वर्षी २४ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर जमलेल्या प्रचंड समुदायाला त्यांच्या यंत्राने भाषण व संगीत ऐकवले. यंत्राला त्यांनी मॅग्नाव्हॉक्स असे नाव दिले. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ 'महान आवाज' असा होतो. या दोघांनी योजलेला उपाय, म्हणजे माईक आणि स्पीकर यांच्यात अंतर ठेवणे, हा आजही पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे.

हे आवर्जून सांगण्याचे कारण असे की, प्रोसेसर विकत आणला की बाकी काही पाहण्याची आवश्यकता नाही, अशी समजूत फार पसरलेली आहे. वस्तुतः चांगल्यातला चांगला प्रोसेसरही शीळ न वाजता आवाज थोडासाच अधिक वाढवू देतो; सहसा तीन ते सहा डेसिबल, फार तर नऊ. डेसिबल हे ध्वनीची पातळी सांगणारे एकक आहे आणि ६ डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीचा दाब दुप्पट होणे. आता तोंडापासून ३० सेंटिमीटरवर असलेला माईक १५ सेंटिमीटरवर आणला, तर माईकपाशी पोहोचणारा वक्त्याचा आवाज नेमका एवढाच, म्हणजे सुमारे ६ डेसिबलने वाढतो. त्यासाठी एक पैसाही लागत नाही! वीतभर अंतराचे हे महत्त्व वक्त्यांना पटवणे मात्र कठीण असते. अनेकजण माईकपुढे उभे राहताच संकोचाने एक पाऊल मागे सरकतात आणि शीळ वाजली की यंत्राकडे रागाने पाहतात.

दिशेचेही तसेच आहे. व्यासपीठावर वापरले जाणारे बहुतेक माईक समोरचा आवाज अधिक आणि मागचा कमी घेतात. स्पीकर वक्त्याच्या पाठीमागे बांधले तर ते थेट माईकच्या तोंडात बोलू लागतात. म्हणून ते नेहमी माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून असावेत. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्या पायाशी जो मॉनिटर ठेवतात, त्याची जागा माईकच्या जातीवर अवलंबून असते. साध्या कार्डिऑइड जातीच्या माईकला नेमके पाठीमागून सर्वांत कमी ऐकू येते. सुपरकार्डिऑइड माईकला मागच्या दोन तिरप्या बाजूंनी. हा भेद ठाऊक नसल्यामुळे चांगल्या माईकसमोर मॉनिटर चुकीच्या जागी ठेवला जातो. तसेच काही गायक माईकची जाळी मुठीत धरतात. दिसायला ते रुबाबदार दिसते. परंतु मागचा आवाज टाळण्यासाठी ठेवलेल्या फटी त्यामुळे बुजतात आणि माईक चहूकडचे ऐकू लागतो.

माईकची संख्या हीदेखील विचारात घ्यावी लागते. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिळेपासूनचे सुरक्षित अंतर ३ डेसिबलने घटते. एकाचे दोन, दोनाचे चार, चारांचे आठ झाले तर ९ डेसिबल गेले. प्रोसेसरने मिळवून दिलेले सारे येथेच खर्ची पडते. कीर्तनकार निरूपण करीत असताना टाळकऱ्यांचे माईक उघडे ठेवण्याचे काहीही कारण नाही.

एवढी व्यवस्था झाल्यानंतर प्रोसेसरचे काम सुरू होते. हा प्रोसेसर म्हणजे साधारण पावणेदोन इंच उंचीची एक सपाट पेटी असते. आता अनेक डिजिटल मिक्सरमध्ये ती सोय आतच दिलेली आढळते. पेटी स्वतंत्र असेल तर ती मिक्सर आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये, किंवा केवळ एखाद्या माईकच्या मार्गात जोडतात. या पेटीचे काम गाळणीसारखे आहे. चहाची गाळणी पावडर अडवते आणि चहा जाऊ देते. त्याप्रमाणे ध्वनीची गाळणी, म्हणजे फिल्टर, एका विशिष्ट वारंवारतेला अडवते आणि बाकीचा ध्वनी जाऊ देते. ज्या सुराची शीळ वाजते, नेमका तेवढाच सूर कमी केला, की त्या सुरापुरती चक्राची वाढ थांबते आणि उरलेला आवाज होता तेवढाच राहतो.

पूर्वी हे काम ३१ पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरने केले जाई. आजही पुष्कळ ठिकाणी केले जाते. त्याची अडचण अशी की, त्यातील एकेक पट्टी सप्तकाचा एक तृतीयांश भाग व्यापते. संगीताच्या भाषेत सांगायचे तर षड्जापासून शुद्ध गंधारापर्यंतचे अंतर! १००० हर्ट्झच्या आसपास ही रुंदी सुमारे २३० हर्ट्झ होते. शीळ वाजते एका सुराची आणि शिक्षा होते तिच्या सगळ्या शेजाऱ्यांना. प्रोसेसरमधील फिल्टर याहून पुष्कळ अरुंद असतो. सप्तकाच्या दहाव्या भागाएवढा फिल्टर १००० हर्ट्झला केवळ ७० हर्ट्झच्या जवळपास रुंद असतो, म्हणजे एका अर्धस्वराहून थोडा अधिक. ध्वनीच्या आलेखात तो एखाद्या बारीक खाचेसारखा दिसतो. अशा मोजक्या खाचा श्रोत्याच्या कानाला सहसा जाणवतही नाहीत.

शिळेचा सूर नेमका कोणता हे प्रोसेसर स्वतःच शोधतो. अमेरिकेतील सॅबाइन या कंपनीने १९९० च्या दशकाच्या आरंभी अशी स्वयंचलित यंत्रे बाजारात आणली आणि नंतर इतरांनीही ती बनवली. प्रोसेसर येणाऱ्या ध्वनीचे सतत वारंवारतांमध्ये पृथक्करण करीत असतो. माणसाच्या आवाजात किंवा वाद्याच्या नादात मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वर असतात आणि ते सारे क्षणोक्षणी बदलतात. शीळ मात्र एकटी असते. तिला उपस्वरांचा परिवार नसतो, ती ढळत नाही आणि एकाच गतीने वाढत जाते. अशी एकाकी, अढळ आणि चढती वारंवारता दिसली की प्रोसेसर तेथे खाच पाडतो. शीळ तरीही राहिली, तर खाच आणखी खोल करतो.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. ती श्रोते येण्यापूर्वी करावयाची असते. प्रथम सर्व माईक आणि स्पीकर जेथे असणार तेथेच ठेवावेत. आधीच्या कार्यक्रमातील फिल्टर पेटीच्या स्मरणात तसेच राहिलेले असतात, ते पुसून टाकावेत. कालच्या सभागृहातील शीळ आजच्या मांडवात नसते, आणि जुन्या खाचा आवाजाचे नाहक लचके तोडतात. इको बंद ठेवावा. अनेक मांडवांत इको म्हणजे जणू देवाचा प्रसाद समजून भरपूर वाढला जातो. परंतु शब्द अस्पष्ट करण्याखेरीज आणि चक्राला आणखी एक वाट करून देण्याखेरीज त्याचा निरूपणात उपयोग नाही. स्पीकरजवळ कोणी उभे असेल तर त्याला दूर व्हायला सांगावे.

यानंतर कार्यक्रमात लागणारे माईक उघडून मुख्य आवाजाचा दांडा अगदी सावकाश वर न्यावा. एक हात दांड्यावरच असावा. काही वेळाने पहिली झिणझिण सुरू होईल. तेथे थांबावे. प्रोसेसर क्षणभरात फिल्टर लावतो आणि पेटीवरील त्या फिल्टरचा दिवा लागतो. झिणझिण थांबली की दांडा पुन्हा किंचित वर न्यावा. दुसरा सूर उसळेल, त्यालाही फिल्टर लागेल. असे करीत गेल्यास पहिल्या काही फिल्टरांनी चांगला लाभ होतो, नंतरच्या प्रत्येक फिल्टरचा लाभ घटत जातो. शेवटी अशी वेळ येते की, एकाच वेळी दोन-तीन सूर उसळू लागतात किंवा नवा फिल्टर जुन्याच्या अगदी शेजारी लागू लागतो. याचा अर्थ यंत्रणेची मर्यादा आली. पेटीत बारा फिल्टर आहेत म्हणून बाराही खर्च केलेच पाहिजेत, असा आग्रह धरू नये. येथे दांडा ३ ते ६ डेसिबल खाली आणून हे फिल्टर पक्के करावेत, म्हणजे कार्यक्रम चालू असताना ते आपोआप हलणार नाहीत. दांडा खाली आणणे हा या कृतीचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि नेमका तोच बहुधा विसरला जातो. अंतराची ही शिल्लक न ठेवल्यास पहिल्या शब्दापासूनच झिणझिण मागे लागते.

स्वयंचलित प्रोसेसर नसेल तर हेच काम कानाने करावे लागते. अनुभवी माणसे शिळेचा सूर स्वरांवरून ओळखतात: 'ऊ' सारखी शीळ ढोबळमानाने २५० हर्ट्झची, 'ओ' सारखी ५०० ची, 'आ' सारखी १००० ची, 'ए' सारखी २००० ची आणि 'ई' सारखी ४००० ची. प्रोसेसर हाताशी असला तरी ही ओळख उपयोगी पडते, कारण यंत्राने पकडलेला सूर खरोखरच शिळेचा आहे की नाही, याची पारख शेवटी माणसालाच करावी लागते.

काही फिल्टर पक्के न करता मोकळे ठेवतात. त्यांना चल फिल्टर म्हणता येईल. कार्यक्रम सुरू झाल्यावर परिस्थिती बदलते, त्यासाठी ते राखून ठेवलेले असतात. कीर्तनकार हातात माईक घेऊन फिरू लागतात आणि चक्राचे अंतर बदलते. रात्र चढत जाते तशी हवा थंड होते. तापमान दहा अंशांनी उतरले तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे सहा मीटरने घटतो आणि २००० हर्ट्झच्या आसपासची शीळ तीस-पस्तीस हर्ट्झने सरकू शकते. पक्की खाच फारच अरुंद असेल तर शीळ तिच्या बाजूने निसटते. चल फिल्टर तिला गाठतो, आणि बऱ्याच यंत्रांत काही मिनिटांनी तो आपोआप उठतो. भाषणासाठी असे चार-दोन फिल्टर मोकळे ठेवणे योग्यच आहे.

संगीतासाठी मात्र हेच फिल्टर घातक ठरू शकतात. बासरीवादक एखादा स्वर धरून ठेवतो तेव्हा तो स्वर कसा असतो? अढळ, उपस्वर फारच थोडे, आणि हळूहळू भरत जाणारा. शिळेची जवळजवळ सारी लक्षणे त्यात आढळतात! यंत्राला बासरी आणि शीळ यांतील भेद नेहमीच कळतो असे नाही. तो त्या स्वरावर खाच पाडतो. वादक दुसऱ्या स्वरावर थांबला की तेथे दुसरी पाडतो. दहा मिनिटांच्या आलापीनंतर मैफलीचे मुख्य स्वरच पोखरले जातात, आणि वादकाला वाटते की आपली फुंक कमी पडते आहे. म्हणून तो अधिक जोर लावतो. गायकाच्या दीर्घ, स्थिर षड्जाच्या बाबतीतही असा घोटाळा होऊ शकतो. तंबोऱ्याचा नाद उपस्वरांनी समृद्ध असल्यामुळे त्याला हा धोका कमी. पुष्कळ यंत्रांत भाषण आणि संगीत असे दोन पर्याय दिलेले असतात. संगीताच्या पर्यायात खाच अधिक अरुंद पडते व यंत्र घाई करीत नाही. तरीही मैफल सुरू होण्यापूर्वी पक्के फिल्टर ठरवावेत, चल फिल्टर बंद करावेत आणि शक्य असल्यास पेटी संपूर्ण ध्वनीच्या मार्गात न जोडता जो माईक त्रास देतो त्याच्याच मार्गात जोडावी, हे उत्तम.

शीळ टाळण्याचा एक निराळा मार्ग अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिला. दर फेरीत ध्वनीची वारंवारता पाच हर्ट्झच्या आसपास सरकवली, तर परत आलेला ध्वनी मूळ सुरावर पडतच नाही आणि धक्क्यावर धक्का बसत नाही. भाषणात हा फरक कोणाला कळत नाही. परंतु २०० हर्ट्झच्या सुराला पाच हर्ट्झ म्हणजे जवळजवळ अर्धा अर्धस्वर होय. गाण्यात हा उपाय योजणे म्हणजे शिळेऐवजी बेसूरपणा पत्करणे.

भाषणातही फिल्टरांचा अतिरेक निरुपद्रवी नाही, हे येथे नोंदवले पाहिजे. मराठीतील स्वरांची शक्ती मुख्यतः खालच्या आणि मधल्या वारंवारतांत असते. परंतु स, श, त, थ, च यांसारख्या व्यंजनांची ओळख २००० हर्ट्झच्या वर, आणि 'स'ची तर बहुतांशी ४००० च्याही वर असते. शीळ टोचते ती बहुधा उंच सुराची, म्हणून घाबरलेला साउंडवाला इक्वलायझरच्या वरच्या पट्ट्या सरसकट खाली ओढतो. शीळ थांबते. आवाजही मोठा वाटतो. पण ग्रामसभेत वाचलेला 'साठ' हा शब्द शेवटच्या रांगेत 'आठ' असा ऐकू येतो. वय वाढते तशी माणसाची श्रवणशक्ती उंच वारंवारतांपासूनच कमी होऊ लागते. त्यामुळे हे नुकसान सर्वांत आधी वृद्ध श्रोत्यांचे होते आणि त्यांची तक्रार सहसा कोणाच्या कानी जात नाही, कारण कान आपलेच गेले असे ते समजतात.

म्हणून प्रोसेसर लावून झाल्यावर एक परीक्षा अवश्य घ्यावी. एका माणसाने माईकवर नेहमीच्या आवाजात एखादी यादी वाचावी: नावे, आकडे, तारखा, ज्यांचा अंदाज बांधता येत नाही असे शब्द. दुसऱ्याने शेवटच्या रांगेत बसून ते लिहून घ्यावेत. मग पेटीचे बायपास बटण दाबून, म्हणजे फिल्टर बाजूला ठेवून, आवाज शीळ वाजणार नाही इतका कमी करून पुन्हा तसेच करावे. फिल्टर लावल्यावर शब्द अधिक चुकत असतील तर खाचा जास्त झाल्या असे समजून शेवटचे दोन-तीन फिल्टर पुसावेत आणि त्याऐवजी माईक वक्त्याजवळ आणावा. ही परीक्षा स्वतः साउंडवाल्याने घेणे अधिक चांगले. मांडवात त्याची जागा बहुधा व्यासपीठाच्या बाजूला, स्पीकरच्या मागे असते. श्रोते जे ऐकतात ते तो कधीच ऐकत नाही.

कम्प्रेसर जोडलेला असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. कम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि वक्ता थांबला की दाब सोडतो. त्यामुळे यंत्रणेची वाढ नेमकी शांततेच्या क्षणी सर्वाधिक असते. कीर्तनकार अभंगाचे चरण म्हणून क्षणभर थांबतात, सारा मांडव निःशब्द होतो, आणि त्याच क्षणी शीळ येते. प्रोसेसरवर संशय घेण्यापूर्वी अशा वेळी कम्प्रेसरचे बटण सौम्य करून पाहावे.

कार्यक्रम चालू असताना पेटीवरील दिव्यांकडे अधूनमधून पाहत राहावे. चल फिल्टरांचे दिवे एकापाठोपाठ एक लागू लागले, तर शीळ ऐकू येत नसली तरी ती दाराशी येऊन थांबली आहे असे समजावे आणि दांडा थोडा खाली घ्यावा. कीर्तनकार हातात माईक घेऊन श्रोत्यांमध्ये उतरले आणि स्पीकरच्या पुढे गेले, तर कोणताही फिल्टर पुरा पडत नाही. तेवढ्या वेळापुरता त्यांच्या माईकचा आवाज हाताने उतरवावा लागतो, आणि ते मागे फिरले की पुन्हा चढवावा लागतो.